फ्रीज हाक मारतो तेव्हा

मे महिन्यातील नागपूरची रात्र. दीड वाजला असेल. घरातील सगळे झोपेत असताना स्वयंपाकघरातून 'टीं टीं' असा आवाज येऊ लागला. उठून पाहते तो फ्रीजच्या दारावर लाल दिवा लुकलुकत होता. पाठोपाठ हे डोळे चोळत आले आणि त्यांनी एक बटण दाबले. आवाज थांबला. "सकाळी पाहू," असे म्हणून आम्ही पुन्हा झोपलो.

सकाळी दूध तापवायला ठेवले, तर नासले. एवढ्यावर निभावले असते तर मी हे लिहायला बसलेच नसते. पण त्याच फ्रीजमध्ये सासूबाईंच्या इन्शुलिनच्या तीन नव्या बाटल्या होत्या. "अगं, हे औषध आता चालेल का?" त्यांनी विचारले. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: तापमान किती झाले होते आणि किती वेळ? मला एकाचेही उत्तर देता आले नाही. "मग अंदाजाने घेऊ नका, नव्या बाटल्या आणा," असे त्यांनी सांगितले.

तेव्हा कळले की, आम्ही रात्री बंद केला तो फक्त आवाज. आतली उष्णता तशीच वाढत राहिली होती.

सूचना कोणती, ते आधी ओळखा

आजकालच्या अनेक फ्रीजमध्ये दोन प्रकारच्या सूचना असतात. पहिली दाराची. दार मिनिट-दोन मिनिटे उघडे राहिले की ती वाजते आणि दार लावताच थांबते. दुसरी तापमानाची. आतील उष्णता ठराविक मर्यादेपलीकडे गेली की ती वाजते. बटण दाबून आवाज थांबवता येतो, पण दिवा लागलेलाच राहतो. तुमच्या फ्रीजचा कोणता दिवा काय सांगतो, हे सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका कपाटाच्या तळाशी न टाकता हाताशी ठेवावी.

प्रत्येक वेळी घाबरण्याचे कारण नसते. फ्रीज नवीनच सुरू केला असेल, बराच वेळ वीज गेली असेल किंवा एकाच वेळी खूप सामान भरले असेल, तर ही सूचना वाजणे स्वाभाविक आहे. काही तासांत आतला भाग गार झाला की ती आपोआप थांबते. तसे न झाल्यास मात्र कारण शोधायला हवे.

एक थर्मामीटर घरात हवाच

फ्रीजच्या खालच्या भागात साधारण ४ अंश सेल्सिअस आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश तापमान असावे. हात लावून ते कळत नाही. ताप मोजायचा थर्मामीटरही इथे उपयोगाचा नाही, कारण तो ३५ अंशांच्या आसपास सुरू होतो. फ्रीजसाठीचा साधा थर्मामीटर मिळतो, तो आणावा. मधल्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या पेल्यात तो रात्रभर ठेवावा आणि सकाळी दार उघडताच आकडा पाहावा. आकडा ४ ते ५ असेल आणि तरीही सूचना वाजत असेल, तर दोष तापमान मोजणाऱ्या सेन्सरमध्ये असू शकतो. आकडा ८-१० दाखवत असेल, तर फ्रीज खरेच गार होत नाही.

सोप्यापासून सुरुवात करा

आधी दार पाहा. एखाद्या पातेल्याचा दांडा किंवा पुढे आलेली बाटली दाराला अडत तर नाही ना? मग दाराच्या कडेचे रबर पाहा. त्याच्या घड्यांमध्ये पिठाचे कण आणि सांडलेल्या दुधाचे थर साचतात. कोमट साबणपाण्याने ते पुसून कोरडे करावे. नंतर एक नोट दारात अर्धी धरून दार लावावे आणि नोट ओढावी. ती सहज निसटली, तर तिथून गार हवा बाहेर जात आहे. चारही बाजूंनी ही परीक्षा करावी.

त्यानंतर आतली गर्दी पाहा. आमच्याकडे त्या दिवशी आमरसाचे मोठे पातेले, पाण्याच्या आठ बाटल्या आणि आठवड्याची भाजी कोंबलेली होती. मागच्या भिंतीवरील झरोक्यातून गार हवा आत येते. त्यासमोर भांडे ठेवले की वाटच बंद होते. गरम वरण-भाजीही तशीच आत ठेवू नये. लहान भांड्यांत काढून, वाफ गेली की ठेवावी. फार वेळ, म्हणजे दोन तासांहून अधिक, बाहेरही राहू देऊ नये.

मग बाहेरची बाजू. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून त्याच्या मागे आणि बाजूंना मोकळी जागा हवी. मागे काळी जाळी असेल, तर प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडावी. नव्या फ्रीजमध्ये बहुधा ही जाळी बाजूच्या पत्र्याआड असते. तो पत्रा गरम लागला तर तो दोष नव्हे. फ्रीज गॅसच्या शेगडीजवळ किंवा उन्हात नसावा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची आहे. फ्रीज कोणत्या हवेसाठी बनवला आहे, हे त्याच्यावरील पट्टीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते. 'टी' म्हणजे १६ ते ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एन' म्हणजे ३२ अंशांपर्यंतच. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद स्वयंपाकघर किती तापते, हे वेगळे सांगायला नको. खिडकी उघडी ठेवली तरी फरक पडतो.

शेवटी वीज. दाब फार कमी असेल, तर कॉम्प्रेसर नीट सुरूच होत नाही. घरातले दिवे मंद होत असतील, तर आधी त्याची चौकशी करावी.

हे सगळे झाल्यावर फ्रीजला २४ तास द्यावेत. तासातासाला बटण फिरवून निदान होत नाही.

'गॅस संपला' म्हणजे काय?

आम्ही हे सर्व केले. रबर पुसले, गर्दी कमी केली. तरी तिसऱ्या दिवशी सूचना पुन्हा वाजली. मेकॅनिक आला. पाच मिनिटांत म्हणाला, "वहिनी, गॅस संपला. भरावा लागेल."

शेजारचे काका निवृत्तीपूर्वी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकवत असत. त्यांनी विचारले, "गॅस संपला, तर गेला कुठून?" मेकॅनिक गप्प. काकांनी मला समजावले, "सूनबाई, हा गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय भरण्यात अर्थ नाही."

मग त्यांनी विचारले, "वर बर्फ होतोय का?" होत होता. खालचा भाग मात्र गरम. त्यांनी फ्रीज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारे उघडी टाकून एक दिवस बंद ठेवायला सांगितला. खाली कितीतरी पाणी साचले. पुन्हा सुरू केल्यावर तो चार दिवस उत्तम चालला आणि पाचव्या दिवशी परत तेच!

काकांना हवी होती ती हीच खूण. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड गार होणारी कॉइल असते. तिच्यावर साचणारे हिम एक छोटा हीटर ठराविक वेळाने वितळवतो. तो हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडला की हिमाचा थर जाड होतो, वाऱ्याची वाट बंद होते आणि खालचा भाग तापतो. दिवसभर बंद ठेवल्यावर फ्रीज बरा होतो, पण काही दिवसांनी पुन्हा बिघडतो. दुसऱ्या मेकॅनिकने पत्रा उघडला, तर आत बर्फाची भिंत! हीटर बदलला. गॅसला हातही लावावा लागला नाही.

बर्फ सुरीने किंवा उलथन्याने कधीही खरवडू नये. नळीला भोक पडले तर फ्रीज कायमचा निकामी होऊ शकतो. शिवाय नव्या फ्रीजमध्ये पुष्कळदा आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. नळ्यांचे आणि विजेच्या तारांचे काम जाणकारावरच सोपवावे.

अन्न आणि औषध

फ्रीज बंद पडला तर दार उघडू नये. न उघडल्यास आतला गारवा साधारण ४ तास टिकतो. गच्च भरलेल्या फ्रीझरचा सुमारे ४८ तास, अर्ध्या भरलेल्याचा २४ तास. आपल्या उन्हाळ्यात याहून कमीच धरावे. दूध, मांस-मासे, शिजलेले अन्न ५ अंशांच्या वर ४ तासांहून अधिक राहिले असेल, तर टाकून द्यावे. चाखून पाहू नये. घातक जंतू वाढले तरी वास किंवा चव बदलतेच असे नाही.

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे, पण फ्रीझरमध्ये नाही. एकदा गोठलेले इन्शुलिन वापरू नये. वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मर्यादा औषधासोबतच्या कागदावर पाहावी आणि शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे. पण विचारताना तापमान आणि वेळ सांगता यायला हवी. त्या रात्री मी आकडा पाहून ठेवला असता, तर कदाचित तिन्ही बाटल्या वाचल्या असत्या.

आता आमच्या फ्रीजमध्ये औषधाच्या डब्याशेजारी थर्मामीटर असतो. सासूबाई सकाळी देवपूजेआधी चष्मा लावून तो पाहतात आणि आतूनच सांगतात, "चार आहे गं!" मग मी निश्चिंतपणे चहा टाकते.