‘रिपोर्ट’ केल्यानंतर काय?

आता पुढचा मुद्दा. आपण ‘रिपोर्ट’चं बटण दाबतो, ‘नियमभंग आढळला नाही’ असं उत्तर येतं आणि आपण गप्प बसतो. पण वाट तिथे संपत नाही. 2021 च्या आयटी नियमांनुसार समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने 24 तासांत पोच द्यायची असते. त्याचा निर्णय पटला नाही, तर 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. म्हणून लिंक, तारीख, आलेलं उत्तर हे सगळं आपण आधी जपून ठेवू. पोस्ट उडाली की पुरावाही जातो. आणि मजकूर हटवणं वेगळं, गुन्हेगार पकडणं वेगळं. धमकी किंवा अश्लील फोटो असेल, तर पोलिसांत किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायलाच हवी. पैसे गेले असतील, तर लगेच 1930.