पीएचडी करायचीय? मग धुराकडे बघा!

एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या सेमिस्टरला पोचलात की घरात, कट्ट्यावर, एसटी स्टँडवर एकच प्रश्न कानावर येतो, 'आता पुढे काय भो?' उत्तरंही ठरलेली असतात. बी.एड., एमपीएससी, नाहीतर एखाद्या फार्मा कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्ट ड्युटी. यात वाईट काहीच नाही. पण या यादीत एक पर्याय सहसा नसतो, तो म्हणजे उत्प्रेरकांवर, अर्थात कॅटॅलिस्टवर पीएचडी. फैजपूर, यावल, रावेरकडच्या मुलामुलींना तर हा विषय शेतापासून हायवेपर्यंत रोज भेटतो. फक्त आपण त्याला ओळखत नाही.

लग्न जमवणारा मध्यस्थ

बारावीच्या पुस्तकातली व्याख्या आठवते? अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्च होत नाही, तो उत्प्रेरक. लग्न जमवणारा मध्यस्थ डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडच्या मंडळींना एका ओट्यावर आणून बसवतो, बोलणी झटपट पुढे सरकतात, लग्न लागतं आणि हा पुढच्या स्थळाकडे निघतो.

केळीला टाकतो त्या युरियाचंच घ्या. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया बनवताना लोखंडाचा उत्प्रेरक लागतो. जर्मनीत १९१३ साली या पद्धतीचा कारखाना सुरू झाला आणि जगाची शेती बदलली. पण त्यासाठी लागणारा हायड्रोजन आजही मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून मिळतो, म्हणजे गोणीमागे कार्बन डायऑक्साइड आलाच. कमी तापमानाला, कमी दाबाला काम करणारा उत्प्रेरक शोधायची धडपड शंभर वर्षांनंतरही चालूच आहे.

दुसरं उदाहरण हायवेवरचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. तेव्हापासून नव्या ट्रक-बसमध्ये डिझेलसोबत 'डीईएफ' नावाचं द्रावण भरावं लागतं. ते म्हणजे साध्या शुद्ध पाण्यातला युरिया, ३२.५ टक्के. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर तो विषारी नायट्रोजन ऑक्साइडला गाठून त्याचं नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. युरिया तोच, एकदा शेतात आणि एकदा सायलेन्सरजवळ!

आपल्या अंगणातले प्रश्न

आता भुसावळजवळच्या दीपनगरकडे बघा. तिथल्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. ट्रकमधली युक्ती तिथे जशीच्या तशी का चालत नाही? कारण भारतीय कोळशात राख फार, बऱ्याचदा ३० ते ४५ टक्के. ही खरखरीत राख उत्प्रेरकाला घासते, त्याची छिद्रं बुजवते. परदेशी कोळशासाठी बनवलेला उत्प्रेरक इथे लवकर दमतो. आपल्या राखेत टिकेल असा उत्प्रेरक बनवणं हा पीएचडीचा अस्सल विषय आहे, आणि तो इथल्याच हवेशी जोडलेला आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत जळगावचंही नाव आहे, हे विसरू नका.

केळीचंही तसंच. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. घड कापला की उरलेल्या खोडाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र शेतकऱ्याच्या बांधावरच राहतो. या खोडात पोटॅशियम भरपूर. आसाममधल्या संशोधकांनी केळीच्या खोडाची राख उत्प्रेरक म्हणून वापरून बिया-तेलापासून बायोडिझेल बनवून दाखवलंय. आपल्याकडे खोडांची काय कमी आहे?

जायचं कुठे?

पहिलं नाव पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, एनसीएलचं. १९५० पासूनची ही संस्था झिओलाइट उत्प्रेरकांसाठी नावाजलेली आहे. इथल्याच 'अल्बीन' प्रक्रियेत थेट अल्कोहोलपासून इथिल बेंझिन बनवलं गेलं. साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल बनतं, हे ऊसपट्ट्यातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. एनसीएल, नागपूरची नीरी आणि डेहराडूनची आयआयपी इथली पीएचडी 'एसीएसआयआर' या अकादमीमार्फत होते. आयआयपीच्या तंत्रज्ञानाने बनलेल्या जैवइंधनावर २०१८ साली डेहराडून ते दिल्ली विमान उडालं होतं.

मुंबईत आयसीटी आहे, म्हणजे जुनी यूडीसीटी. तिथले माजी कुलगुरू प्रा. गणपती यादव कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आले, तिथेच शिकले, उत्प्रेरकांवरच्या कामाने जगभर पोचले आणि २०१६ साली पद्मश्री झाले. आयआयटी मुंबईत कार्बन पकडून वापरण्यासाठीचं राष्ट्रीय केंद्र आहे, तर आयआयटी मद्रासमध्ये उत्प्रेरक संशोधनाचं. आणि घर सोडणं शक्यच नसेल, तर जळगावला आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आहेच.

परदेशाचंही दार बंद नाही. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते, फी भरायची नाही. जर्मनीत रोस्टॉकला तर उत्प्रेरकांना वाहिलेली अख्खी संस्था आहे.

पैशांचं काय?

हा प्रश्न विचारायला लाजू नका, घरचे विचारणारच आहेत. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, वर नियमाप्रमाणे घरभाडं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. इंजिनीअरिंगवाल्यांना गेटचा रस्ता आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या गटातल्या संशोधकांना फेलोशिप देतात. पण तिथे निवड आणि हप्त्यांना उशीर होतो म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलनंही करावी लागलीत. त्यामुळे हातात चार-सहा महिन्यांची सोय ठेवूनच पाऊल टाका.

नियमही थोडे बदललेत. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पास झालात तर एमएस्सीशिवायही पीएचडीला अर्ज करता येतो. कालावधी किमान तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं. मुलींना दोन वर्षं जादा सवलत आहे, शिवाय २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा. 'लग्न झालं की शिक्षण संपलं' म्हणणाऱ्या काकूंना हे जरूर सांगा!

उडी मारण्याआधी

खरं बोलायचं तर हा रस्ता सोपा नाही. सहा महिने खपून बनवलेला उत्प्रेरक दोन तासांत निकामी होतो. तुमचे मित्र पगारातून बाईक घेतात आणि तुम्ही रात्री अकरा वाजता रिअॅक्टरचं तापमान लिहीत बसलेले असता. म्हणून विषयाआधी गाइड नीट निवडा. त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना चहाला न्या आणि तीन गोष्टी विचारा. आधीच्या मुलांना किती वर्षं लागली? गॅस क्रोमॅटोग्राफ चालू आहे की कापड टाकून ठेवलाय? फेलोशिप थांबली की सर काय करतात?

मग त्यानंतर नोकरी? फरिदाबादला इंडियन ऑइलचं, ग्रेटर नोएडाला बीपीसीएलचं, बंगळुरूला एचपीसीएलचं संशोधन केंद्र आहे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलंय. युरोपने २०२६ पासून पोलाद, सिमेंट, खत अशा आयात मालावर कार्बनचा हिशेब लावायला सुरुवात केलीय. धूर कमी करणारी माणसं कारखान्यांना लागणारच.

सुरुवात मात्र छोटीच करा. या आठवड्यात नेटचा रसायनशास्त्राचा सिलॅबस उतरवून घ्या, त्यात पृष्ठभाग रसायनशास्त्र आणि गतिकी हे दोन धडे आधी काढा. उन्हाळी सुट्टीतल्या प्रोजेक्टसाठी दोन-तीन प्राध्यापकांना चार ओळींचा मेल टाका. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, विषय तुम्हाला कळलाय एवढं त्यात दिसलं पाहिजे. आणि पुढच्या वेळी बांधावर सडणारं केळीचं खोड दिसलं, की त्याच्याकडे कचरा म्हणून बघू नका. कदाचित तुमच्या थीसिसचं पहिलं प्रकरण तिथेच पडलेलं असेल.