कवड्यांच्या बेटावर सगळं फुकट

स्पीडबोटीतून धक्क्यावर पाय ठेवला, तसं एका हसऱ्या मुलानं आम्हा नवरा-बायकोच्या मनगटांवर कापडी पट्ट्या बांधल्या. "आता पाकीट तिजोरीत ठेवून द्या मॅडम, लागणारच नाही," तो हिंदीत म्हणाला. लेकीनं बुकिंग करून दिलं तेव्हा तिचंही हेच पालुपद होतं, "आई, सगळं त्यात आहे गं." सगळं म्हणजे खोली, तिन्ही वेळचं जेवण, मधल्या वेळचं खाणं, बारमधली पेयं, रात्रीची गाणी आणि खोलीपासून जेवणघरापर्यंत सोडणारी बॅटरीची गाडी. बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मिनिटांत चालून होत होतं, तरी गाडी होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डायव्हिंग केंद्रात गेले. तिथल्या मुलीनं माझ्या पट्टीकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाली, "ते यात नाही."

मालदीवमधल्या बऱ्याच रिसॉर्टांत हीच रीत आहे. तळलेले बटाटे हवे तितके खा. समुद्राखाली जायचं असेल तर वेगळं बिल. त्या रिसॉर्टवर माझा राग नाही. मला कुतूहल वाटलं ते 'सगळं' या शब्दाचं. परत आल्यावर त्या शब्दामागे लागले आणि भलतीकडेच जाऊन पोहोचले.

सगळं एकदाच भरायचं आणि मग पैशाला हात लावायचा नाही, ही कल्पना नावारूपाला आली ती भूमध्य समुद्रात. जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूनं 1950 मध्ये माजोर्का बेटावरच्या अल्कुदियाजवळ तंबू ठोकून सुट्टीचं गाव वसवलं. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती आणि युरोपातले लोक उन्हाला आसुसलेले होते. तंबू आले ते गिल्बर्ट त्रिगानो यांच्या घरच्या धंद्यातून. हेच पुढे 'क्लब मेडिटेरेनियन' झालं. पण या पहिल्या 'सगळ्या'तूनही एक गोष्ट बाहेर राहिली होती, ती म्हणजे बारमधलं मद्य. त्यासाठी पाहुण्यांच्या गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा आल्या. एक मणी काढून द्यायचा आणि पेला घ्यायचा. पैसे होतेच, फक्त दिसत नव्हते.

मण्यांची ही गोष्ट वाचताना मला हसू आलं, कारण ज्या बेटांवर आम्ही पट्ट्या बांधून फिरत होतो, त्यांनी एके काळी अर्ध्या जगाला चलन पुरवलं होतं. ते चलन म्हणजे कवडी. आपल्या भाषेत 'कवडीमोल', 'कवडीचुंबक' आणि 'फुटकी कवडी' ठेवून गेलेल्या या चिमुकल्या शंखाचा मालदीव हा शतकानुशतकं सर्वांत मोठा पुरवठादार होता. अकराव्या शतकात अल्-बिरुनीनं या भागातल्या बेटांची वाटणी त्यांच्या मालावरून केली: काथ्याची बेटं आणि कवड्यांची बेटं. नारळीच्या झावळ्या उथळ पाण्यात तरंगत सोडायच्या, कवड्या त्यांना येऊन चिकटल्या की बाहेर ओढायच्या, आतला जीव कुजून जाईपर्यंत वाळूत पुरायच्या, मग धुऊन पोत्यांत भरायच्या. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथं काझी होऊन राहिला. कवड्या बंगालला जातात आणि बदल्यात तांदूळ येतो, हे त्यानं लिहून ठेवलं आहे. पुढे डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी याच कवड्या युरोपमार्गे पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या मोजून माणसं विकत घेतली. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ मी लहानपणापासून पाहते. समुद्रापासून इतक्या दूर, देशावर, देवीला कवडी कशी आवडली असेल, हा प्रश्न मात्र मला साठी जवळ आल्यावर, समुद्राच्या मधोमध पडला.

या बेटांची मुळं मात्र कवडीच्याही फार आधी आपल्यापाशी येऊन पोहोचतात. ज्या तप्तबिंदूनं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण ओतला, तो पृथ्वीच्या पोटात जागच्या जागी राहिला आणि भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेला सरकत गेला. मागे ज्वालामुखींची रांग उमटत राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस हे त्याच रांगेतले टप्पे आहेत. आज तो तप्तबिंदू रियुनियन बेटापाशी धुमसतो. मालदीवचे ज्वालामुखी हळूहळू खचले आणि बुडाले. त्यांच्या काठाकाठानं प्रवाळ मात्र वर वर चढत राहिले, आणि डोंगर नाहीसा झाल्यावर त्याचं कंकण तेवढं पाण्यावर उरलं. कंकणाकृती बेटांची ही उपपत्ती डार्विननं 1842 मध्ये मांडली. त्यांना जगभर 'अ‍ॅटॉल' म्हणतात, तो शब्द मुळात मालदीवच्या धिवेही भाषेतला 'अतोळु'. म्हणजे सिंहगडाचा कडा आणि मालदीवचा पाया या एकाच भट्टीतल्या विटा आहेत.

पर्यटन इथं फार उशिरा आलं. 1960 च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पाहणी करून इथं पर्यटन जमणार नाही असं सांगितलं होतं. ना बँक, ना धड विमानतळ, ना वीज. मग जॉर्ज कॉर्बिन नावाचा इटालियन प्रवास-व्यावसायिक पाहुण्यांची छोटी टोळी घेऊन आला. स्थानिक तरुणांनी त्यांना आपल्या घरांत उतरवलं, आणि 3 ऑक्टोबर 1972 रोजी नारळीची लागवड असलेल्या विहामनाफुशी बेटावर 'कुरुंबा' उघडलं. कुरुंबा म्हणजे शहाळं. प्रवाळाचे दगड, झावळ्यांची छपरं, तीस खोल्या आणि बाहेरच्या जगाशी बोलायला हॅम रेडिओ. आज दीडशेहून अधिक बेटं रिसॉर्टांनी व्यापली आहेत आणि 2024 मध्ये वर्षाला येणाऱ्या पर्यटकांनी वीस लाखांचा आकडा ओलांडला.

नियम सुरुवातीपासून एकच: एक बेट, एक रिसॉर्ट. सोयीचा नियम आहे. लोकवस्तीच्या बेटांवर मद्याला बंदी, रिसॉर्टच्या बेटावर मोकळीक. तिकडे मशीद आणि शाळा, इकडे बार आणि बिकिनी. दोन्ही आपापल्या जागी सुखी. पण त्यामुळे पाहुणा मालदीवला जाऊन येतो आणि मालदीव तेवढं राहून जातं. जेवणात सफरचंद येतं, पनीर येतं, पालेभाज्या विमानातून येतात. पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून होतं. राजधानी मालेचा आणि रिसॉर्टांचा कचरा 1992 पासून थिलाफुशीच्या उथळ समुद्रात ओतला गेला आणि त्याचंच एक बेट तयार झालं. ते माहितीपत्रकात नसतं. 2009 नंतर लोकवस्तीच्या बेटांवर घरगुती अतिथीगृहांना पुन्हा वाट मिळाली आणि माफुशीसारखी बेटं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, हे मला त्या देशाच्या पर्यटनातलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं.

आता पाण्याखाली. वेगळे पैसे भरले. वैद्यकीय प्रश्नावली भरली. वयामुळे पुण्याच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र नेलं होतं, ते कामाला आलं. यांनी "मी वरून बघतो" म्हणत नळीचा मुखवटा पसंत केला. माझा प्रशिक्षक पंचविशीतला मालदीवी मुलगा, दक्षिणेकडच्या एका बेटावरच्या मच्छीमारांच्या घरातला. गुडघाभर पाण्यात त्यानं पहिला नियम सांगितला: श्वास कधी रोखायचा नाही. दुसरा: कान दुखला की खाली जायचं नाही.

पाठीवरच्या सिलिंडरातून मागू तेव्हा आणि मागू तितकी हवा देणारी कळ 1943 मध्ये फ्रान्समध्ये तयार झाली. नौदलातले जॅक कूस्तो आणि अभियंता एमिल गॅन्यां. युद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गॅन्यां यांनी एक झडप बनवली होती. तीच सुधारून पाणबुड्याच्या तोंडी आली. तिचं काम ऐकायला सोपं आहे. भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबानं हवा द्यायची. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणून दहा मीटरवर एका श्वासात दुप्पट हवा जाते, वीस मीटरवर तिप्पट. बारा लिटरच्या टाकीत 200 बार दाबानं भरलेली 2400 लिटर हवा जमिनीवर मिनिटाला वीस लिटरनं दोन तास पुरेल. वीस मीटर खोलीवर तीच चाळीस मिनिटांत संपेल, आणि राखीव हवा सोडली तर अर्ध्याच तासात वर यायला हवं. श्वास का रोखायचा नाही, हेही यातूनच कळतं. खाली भरलेली छाती वर येताना फुगते. हवेला वाट दिली नाही तर फुप्फुस फाटतं, तेही अगदी उथळ पाण्यात.

चार मीटरवर माझ्या डाव्या कानात तिडीक उठली. हातानं खूण केली. त्यानं मला मीटरभर वर आणलं, नाक चिमटीत धरून हळूच फुंकायला लावलं. कानात 'टक्' झालं आणि दुखणं गेलं. मग पुढे. नवख्यांना बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. आम्ही दहापर्यंत गेलो असू. लाल रंग आधीच विझला होता, माझ्या बोटावरची नेलपॉलिश काळपट करडी दिसत होती. आवाज मात्र वाढला होता. सगळीकडून कुरुम कुरुम, कोणीतरी चणे खातंय तसं. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगानं येतो, त्यामुळे तो कुठून येतोय हे कानाला ओळखता येत नाही. प्रशिक्षकानं बोट दाखवलं: निळा-हिरवा पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत होता. जरा पुढे जाऊन त्यानं मागून पांढरा धूर सोडला. तो धूर म्हणजे वाळू. वक्करू या बेटाच्या कड्यावर शास्त्रज्ञांनी मोजदाद केली आणि 2015 मध्ये प्रसिद्ध केली: तिथं नव्यानं तयार होणाऱ्या वाळूतला 85 टक्क्यांहून अधिक वाटा पोपटमाशांचा. ज्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर नवविवाहित जोडपी फोटो काढतात, तो बहुतांशी माशांनी हगलेला प्रवाळ आहे. शब्द खटकला असेल तर क्षमा, पण दुसरा शब्द खोटा होईल.

म्हणून त्या मुलीचं "ते यात नाही" मला अजून आठवतं. किनारा त्यात होता, किनारा बनवणारे त्यात नव्हते. प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं की प्रवाळ त्याला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. 1998 च्या एल निनोत मालदीवच्या अनेक ठिकाणी उथळ पाण्यातले 90 टक्क्यांहून अधिक प्रवाळ मेले. सावरत होते तोवर 2016 मध्ये पाणी पुन्हा तापलं. आम्ही पाहिला त्या कड्यावरही राखाडी तुकड्यांचे ढीग होते आणि मध्येच मूठभर जांभळे कोंब. सरासरी दीड मीटर उंचीच्या देशाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. 17 ऑक्टोबर 2009 रोजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी गिरिफुशीजवळ पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली. मंत्री सिलिंडर बांधून खाली उतरले, खुणांनी बोलले आणि कर्बउत्सर्जन कमी करा म्हणणाऱ्या निवेदनावर तिथंच सह्या केल्या. जगानं फोटो पाहिले.

संध्याकाळी धक्क्यावर बसून मी त्या प्रशिक्षक मुलाला मांटा कधी दिसतात ते विचारलं. मांटा म्हणजे आपल्या पाकटाचा अवाढव्य, निरुपद्रवी भाऊ, तीन-साडेतीन मीटर रुंद, तरंगते सूक्ष्म जीव गाळून खाणारा. तो म्हणाला, "हुळंगूमध्ये या." हुळंगू म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारा, इरुवई म्हणजे ईशान्येचा. आम्ही फेब्रुवारीत होतो, इरुवईत. वारा येतो त्या बाजूच्या खाड्यांतून महासागराचं नितळ पाणी आत शिरतं, तिथं शार्क पाहायचे (2010 मध्ये या देशानं त्यांच्या शिकारीवर बंदी घातली). पलीकडच्या बाजूला गढूळ, खाद्यानं भरलेलं पाणी, तिथं मांटा. वारा फिरला की बाजू बदलतात. मग त्यानं आजोबांची गणना म्हणून दाखवली: केती, रोणु, मियाहेलि, अधा, फुनोस, फुस. मी थक्क झाले. कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य! बाराव्या शतकापासून इस्लाम मानणाऱ्या या बेटांवर मच्छीमार आजही तेरा-चौदा दिवसांची 'नकई' मोजतात, जशी आपल्याकडे मृगावर पेरणी आणि हस्ताच्या पावसाची वाट. मियाहेलि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतं. मृगसुद्धा तेव्हाच. माझे वडील शेतकरी होते; त्या मुलाच्या आजोबांशी त्यांचं बरं जमलं असतं. ही गप्पांची बैठक मनगटावरच्या पट्टीत नव्हती आणि बिलातही नव्हती.

मांटांची सर्वांत मोठी जत्रा भरते ती बा अ‍ॅटॉलमधल्या हनिफारूच्या उपसागरात, मे ते नोव्हेंबर. हा अ‍ॅटॉल 2011 पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. गंमत अशी, की तिथं सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे. बुडबुड्यांनी मांटा बिचकतात. नळीचा मुखवटा लावायचा आणि वरून बघायचं. घरी हे सांगितल्यावर यांनी जे तोंड केलं, ते लिहीत नाही.

आपल्याकडे तारकर्लीला, मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हीच विद्या तासाभराच्या अनुभवाच्या नावानं मिळते. तिथंही गर्दीच्या दिवशी दोन नियम नीट समजावून सांगणारा माणूस निवडा, स्वस्त दर नव्हे. मालदीवचं बुकिंग करणार असाल तर 'सगळं'मध्ये डायव्हिंग आहे का आणि किती वेळा, हे लेखी घ्या. प्रवास-विम्यात डायव्हिंग वगळलेलं नाही ना, ते पाहा. डायव्हिंगमधल्या अपघातावर उपचार करणारा दाबकक्ष कोणत्या बेटावर आहे ते विचारा. मनोरंजनासाठी उतरणाऱ्यांना तिथं तीस मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. त्याखाली नेतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. दोन रात्री तरी लोकवस्तीच्या बेटावर काढा. आणि शेवटचा दिवस कोरडा ठेवा: पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, अनेकदा उतरल्यावर विमानाआधी किमान अठरा तास मोकळे हवेत आणि चोवीस असतील तर उत्तम. रिसॉर्टवरून मालेला आणणारं समुद्रविमान हेही विमानच असतं.