‘फिटिंग फ्री’चा हिशेब

एप्रिल उजाडला की अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या दुकानांत एसीच्या किमतीवर तासभर घासाघीस चालते. स्टार किती, वॉरंटी किती, जुना दिला तर किती सुटतील. फिटिंगचा विषय निघाला की मात्र ‘ते फ्री आहे ना?’ एवढाच प्रश्न. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तेव्हाही घरोघरी हिशेब झाला तो खोक्याचाच. घासाघीस चुकीच्या जागी होते आहे, असं माझं मत आहे. एसी हा मुळात हीट पंप. विहिरीवरचा पंप पाणी वर चढवतो, तसा हा खोलीतली उष्णता उपसून बाहेरच्या अधिक तापलेल्या हवेत नेऊन टाकतो. थंड देशांत हेच तत्त्व उलटं वापरून घर उबदार ठेवतात, आणि तिथे बसवण्याचा खर्च एवढा भारी की इंग्लंड-वेल्समध्ये सरकार त्यापोटी 7,500 पौंडांचं अनुदान देतं. बोरिवलीत नॅशनल पार्कला खेटून असलेल्या इमारतींतही जानेवारीची रात्र एका चादरीत निभावते, म्हणून आपला पंप एकाच दिशेने चालला तरी पुरतो. पण बसवण्याचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

कारण स्प्लिट एसी कारखान्यातून अर्धाच तयार होऊन येतो. उरलेला अर्धा आपल्या भिंतीवर तयार होतो, बहुधा घाईत. दीड टनाच्या यंत्राला दोन सुती आणि चार सुती अशा तांब्याच्या दोन नळ्या लागतात. कारागीर नळी कापतो, कापलेल्या तोंडाची कड घासतो, पितळी नट आधी आत सरकवतो (हा विसरला की सगळं पुन्हा) आणि मग साच्यात धरून तोंड कर्ण्यासारखं फुलवतो. ही फ्लेअर. तिच्यावर केसाएवढी चीर राहिली किंवा नट वाजवीपेक्षा जास्त आवळला गेला, तर गॅस महिनोन्‌महिने झिरपत राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘गॅस संपला’ म्हणून बिल येतं. गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. तो बंद नळीत फिरत असतो, कमी झाला तर कुठून तरी गळलाच. फ्लेअर झाली की व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि दमटपणा ओढून काढायचा. या कामात डोळ्यांना काहीच दिसत नाही, पंप नुसता घरघरतो, आणि म्हणूनच ते सर्वांत आधी कापलं जातं. त्याऐवजी थोडा गॅस सोडून हवा ‘मारून’ टाकतात. दोन मिनिटांत काम होतं, पण आपल्या दमट हवेतलं पाणी आत राहतं आणि कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार करतं.

पूर्वी असंच तर चालायचं, हा पहिला आक्षेप. चालायचं खरं, पण तेव्हा यंत्रात आर-22 हा गॅस असायचा. आता बहुतेक नव्या यंत्रांत आर-32 असतो. त्याचा दाब बराच जास्त, तो सौम्य का होईना ज्वलनशील, आणि त्याच्यासोबतचं तेल पाणी चटकन शोषून घेणारं. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: फ्री म्हणून आलेला माणूस जादा नळी, स्टँड, वायर लावून मोठं बिल करतोच, मग आणखी पैसे कशाला? माझ्या मते फुकटपणामुळेच हे होतं. ज्याला एका फिटिंगमागे ठरावीक, तुटपुंजी रक्कम मिळते, त्याची कमाई जादा नळीत आणि दिवसाच्या पाच-सहा फिटिंगांत असते. पंप अर्धा तास चालवण्यात नसते. आता समजा, खराब फिटिंगमुळे दहाच टक्के वीज जादा जळते. वर्षाला 150 रात्री, आठ तास, तासाला एक युनिट धरलं तर 1,200 युनिट होतात. त्यातली 120 वाया. दहा रुपये युनिट धरा, मग बिल अदानीचं असो, टाटाचं असो की मुलुंडच्या महावितरणचं. दहा वर्षांत बारा हजार गेले. दुकानात वाचवलेले दीड-दोन हजार कुठे राहिले?

जागेचं दुखणं वेगळंच. घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांत आउटडोर युनिट ठेवायला धड छज्जा नसतो, नव्या टॉवरांत अरुंद डक्टमध्ये एकावर एक युनिटं रचलेली. खालच्याने फेकलेली गरम हवा वरचं ओढून घेतं आणि पाच स्टारचा एसीही हाशहुश करतो. वर्सोव्याकडे खारा वारा पत्रे खातो. आणि सहाव्या मजल्यावर ग्रिलला एक हात धरून लटकणाऱ्या माणसाच्या कमरेला पट्टा आहे का, हे पाहणारं सहसा कोणी नसतं. पट्ट्याचा आणि दुसऱ्या माणसाचा पैसा फ्रीमध्ये कुठून येणार?

भाडेकरूचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने दहा वर्षांचा हिशेब कशाला मांडावा? घर सोडताना गॅस आउटडोरमध्ये गोळा करून नळ्या सोडवतात, नव्या घरी त्याच नळ्या पुन्हा वाकवतात. जुनं तोंड कापून फ्लेअर नव्याने करायला हवी, पण नळी तेवढी आखूड होते, नवीन घरी दोन वीत कमी पडते, आणि जोड द्यावा लागतो. त्या जोडाचे पैसे घरमालक देत नाही, भाडेकरूला द्यायचे नसतात, आणि कारागीर आहे तीच फ्लेअर पुन्हा आवळून मोकळा होतो.