निवतीसमोरचे खडक

पैठणच्या नाथसागरावर सूर मारून मासा टिपणारा नदी सुरय अंबडच्या पक्षिप्रेमींना चांगला ओळखीचा. त्याचे समुद्रावरचे भाऊबंद पाहायचे तर मात्र थेट सिंधुदुर्ग गाठावं लागतं. वेंगुर्ल्याच्या वायव्येला, सुमारे चौदा किलोमीटर आत, भर समुद्रात उघड्याबोडक्या खडकांचा एक पुंजका आहे. नकाशात त्याचं नाव वेंगुर्ला रॉक्स, किंवा बर्न्ट आयलंड्स. इथं गाव नाही, शेती नाही. आहे ते दीपगृह, या खडकांवर जहाजं आदळू नयेत म्हणून ब्रिटिश काळात उभारलेलं.

पावसाळ्याच्या सुमारास लगामी सुरय इथल्या कपारींत एकेकच अंडं घालतात. पण या बेटांची खरी श्रीमंती आहे ती गुहेत.

तिथं भारतीय पाकोळी राहते. जेमतेम बारा सेंटिमीटरचा, काळपट तपकिरी पक्षी. मिट्ट काळोखात ती टिकटिक आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. घरटं बांधते ते स्वतःच्या लाळेनं: लाळेचे धागे ओल्या कातळावर थरावर थर चढत वाळतात, मध्ये थोडी पिसं, थोडं गवत, आणि अर्ध्या बशीएवढी वाटी भिंतीला चिकटून बसते. तीत अंडी दोनच.

पक्षिअभ्यासक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७५ मध्ये इथं येऊन गेले. दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. पुढे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं.

पाकोळ्यांच्या लाळेच्या घरट्यांचं सूप चीन आणि आग्नेय आशियात भारी किमतीला विकलं जातं. त्यापायी ही घरटी ओरबाडली जात होती. घरटं विणीच्या काळातच बांधलं जातं, त्यामुळे चोरी घरट्याची असली तरी जातात अंडी आणि पिल्लं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००१ च्या सुमारास ही तस्करी उघडकीला आणली आणि वनखात्याच्या मदतीनं घरट्यांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. पुढे या पाकोळीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळालं. माणूस राहत नाही म्हणून बेट आपोआप सुरक्षित राहतं, हा समज या गुहेनं खोटा ठरवला. उलट, पाहणारं कोणी नाही हेच चोरांच्या पथ्यावर पडलं होतं.

किनाऱ्यावरच्या निवती, भोगवे या गावांतून पर्यटकांच्या होड्या दीपगृहाकडे जातात. उन्हाळी सुट्टीत, म्हणजे नेमक्या पाकोळीच्या विणीच्या दिवसांत तिकडे जाणार असाल, तर दीपगृह होडीतूनच मनसोक्त पाहा. होडीवाल्याला मात्र गुहेत शिरण्याचा आग्रह करू नका.