पॉइंट टू-टूचं नवं पिस्तूल पारखताना

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 मध्ये पालेम्बांग इथे 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. आशियाई क्रीडा स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. एअर पिस्तुलावर तयार झालेली ठाणे-डोंबिवलीची मुलं या प्रकाराकडे वळतात, तेव्हा हाती येतं ते पॉइंट टू-टू (.22) पिस्तूल.

याच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, कडेच्या पोकळ किनारीत असतो. पिन त्या किनारीवरच आदळते. म्हणून चेंबर रिकामं असताना उगाच चाप ओढू नये. अनेक पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथे खाच पडते.

रेंजवर आधी चाप तपासावा. नळी सरळ वर धरून चापाला 1000 ग्रॅमचं वजन लावायचं. ते उचललं गेलं पाहिजे. मग टेकू देऊन वेगवेगळी काडतुसं झाडून बघावीत, कारण प्रत्येक नळीची आवड निराळी. एका काडतुसाची भोकं जवळजवळ पडतात, दुसऱ्याची विखुरतात.

माझ्या मते खरी परीक्षा मुठीची. 25 मीटर पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य तीनच सेकंद समोर असतं. 45 अंशांवरून हात वर येताच साइट रेषेत दिसायला हवी. दिसत नसेल, तर लाकडी मूठ हाताप्रमाणे घासून घ्यावी, साइट फिरवत बसू नये.