दसऱ्याचा घोडा आणि यंत्राचा खरारा

आश्विन शुद्ध नवमी आणि दशमी हे दोन दिवस साधनांविषयीच्या कृतज्ञतेचे आहेत. खंडेनवमीस शस्त्रे व अवजारे पुजली जातात आणि दसऱ्यास दारातल्या वाहनाला झेंडूची माळ चढते. मोटार आणि ट्रॅक्टर येण्यापूर्वी ती माळ घोड्याच्या गळ्यात पडत असे. ज्यांच्या दारी आजही घोडा आहे, त्यांच्याकडे ती अजूनही त्याच्याच गळ्यात पडते. वरातीचा घोडा असो, माथेरानच्या लाल मातीतून प्रवासी वाहणारा असो की शर्यतीच्या तबेल्यातला असो, पूजेपूर्वी त्याला स्वच्छ करणे हे पूजेचेच पहिले अंग होय.

या स्वच्छतेसाठी आता विजेची दोन यंत्रे उपलब्ध आहेत. एक धूळ ओढून घेणारे, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. दुसरे जोराची हवा फेकणारे, म्हणजे ब्लोअर. विलायतेत आणि अमेरिकेत घोड्यांसाठी मुद्दाम घडवलेली अशी यंत्रे बरीच वर्षे प्रचारात आहेत. ज्याची पूजा करावयाची, त्याच्या अंगाला असे यंत्र लावावे काय, अशी शंका श्रद्धावान गृहस्थ आम्हांस विचारतात. शंका योग्य आहे. तिचे उत्तर देण्यापूर्वी आपले जुने ग्रंथ या बाबतीत नेमके काय मागतात, ते पाहणे उचित ठरेल.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्याला दिवसातून दोनदा स्नान घालावे, गंध व माला द्याव्यात, आश्विनातील नवमीस त्याचे नीराजन करावे, असे तेथे सांगितले आहे. घोडा बांधणारा, चारा आणणारा, दाणा शिजवणारा, जागा सांभाळणारा आणि केस निगुतीने राखणारा, असे निरनिराळे सेवक त्यात नेमलेले आहेत. या सर्वांनी आपापल्या कामाने घोड्याची जी सेवा करावयाची, तिच्यासाठी ग्रंथकाराने ‘आराधना’ याच धातूचे क्रियापद योजले आहे. कामात कसूर झाल्यास त्या दिवसाचे वेतन कापावे, असेही तो सांगतो. नीराजनासाठी किंवा वैद्याच्या उपचारासाठी राखून ठेवलेल्या घोड्याला कोणी कामास जुंपले, तर त्याला बारा पण दंड आहे. गंधमाला द्यावी हे सांगणारा ग्रंथ वेतन कापण्याचेही सांगतो, यावरून ही सेवा केवळ शोभेची नव्हती हे उघड आहे.

दुसरे प्रमाण महाभारताचे. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी, भर रणात, अर्जुनाचे घोडे बाणांनी जर्जर आणि तहानेने व्याकुळ झाले. तेव्हा अर्जुनाने बाणाने जलाशय निर्माण केला आणि शत्रूला थोपवून धरले. भगवंतांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगात रुतलेले बाण उपसले, स्वतःच्या हातांनी त्यांची अंगे चोळली, त्यांना पाणी पाजले. स्नान आणि चारा होऊन त्यांचा शीण गेल्यावरच ते पुन्हा रथाला जोडले. सूर्यास्ताची प्रतिज्ञा डोक्यावर होती आणि क्षणाक्षणाला किंमत होती, तरी सारथ्याने हा वेळ दिला. हात अंगावरून फिरल्यावाचून कोणता बाण कोठे रुतला आहे, हे कळत नाही. या मुद्द्याकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहोत.

घोड्याच्या अंगावरचा मळ म्हणजे सारी घाण नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. त्याच्या त्वचेतून एक स्निग्ध द्रव्य पाझरते. तेच केसांना चकाकी देते आणि पावसाचे पाणी निथळून जाण्यास साह्य करते. घोडा मातीत लोळतो तोही घाम सुकवण्यासाठी, खाज शमवण्यासाठी आणि माशा-चिलटांपासून बचाव व्हावा म्हणून. मात्र घाम, माती आणि गळलेले केस यांचा थर खोगिराखाली वा तंगाखाली राहिला, तर तेथे घासून जखम होते. पावसाळ्यात अंग सतत ओले राहिले की त्वचेवर खपल्या धरतात, आणि चिखलात उभे राहून पायाच्या सांध्यामागची त्वचा फुटते. आषाढीच्या वारीत माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती भाविक कपाळी लावतात. ती माती आपल्याला वंद्य आहे; घोड्याच्या त्वचेवरून मात्र ती वेळेवर निघालीच पाहिजे.

आता यंत्राकडे वळू. धूळशोषक यंत्राचा आणि घोड्याचा संबंध मोठा गमतीचा आहे. इंग्लंडात ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी 1901 मध्ये या यंत्राचा हक्क नोंदवला. त्यांचे यंत्र एवढे अवजड होते की ते गाडीवर चढवून घोड्यांनी ओढत न्यावे लागे. गाडी घराबाहेर उभी राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडल्या जात. 1902 मध्ये राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ झाले. परंतु त्याच्या धडधडाटाने रस्त्यावरचे घोडे बुजत, आणि त्यावरून बूथ यांच्याविरुद्ध तक्रारीही झाल्या. ज्या यंत्राला घोडे भ्यायचे, तेच पुढे घोड्याच्या पाठीवर फिरू लागले; पण ते भय घोड्याच्या ठायी आजही तसेच आहे.

म्हणून पहिले पथ्य आवाजाचे. माणसाला ऐकू न येणारे काही उंच स्वरही घोड्याला ऐकू येतात. यंत्र पहिल्या दिवशी बंदच ठेवावे आणि त्याला हुंगू द्यावे. नंतर ते दूर अंतरावर चालू करून पुढ्यात चारा टाकावा आणि काही दिवसांत अंतर कमी करीत आणावे. नुसती नळी, यंत्र बंद असताना, खांद्यावरून फिरवावी. ती त्याने मानली की मगच यंत्र चालू करून खांद्यापासून आरंभ करावा. पोट, जांघा आणि मागचे पाय यांची पाळी सर्वांत शेवटी. तोंड, कान आणि डोळे यांच्याजवळ यंत्र नेऊच नये. पहिले काही दिवस घोडा अगाडी-पिछाडीने जखडून ठेवू नये. ओळखीच्या माणसाने दोर हाती धरून उभे राहावे. कारण जखडलेला घोडा बुजला, तर दोर तोडताना स्वतःला आणि जवळच्या माणसाला जायबंदी करतो.

दुसरे पथ्य विजेचे. साधे धूळशोषक यंत्र कोरड्या अंगावरच चालवावे. ओल्या घोड्यावर किंवा ओल्या फरशीवर कधीही चालवू नये. वायर टापांखाली येणार नाही अशी ठेवावी आणि गळती होताच वीज तोडणारी कळ बसवलेली असावी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत केसांवर स्थिर वीज साठते आणि नळी टेकताच घोड्याला बारीक चटका बसतो. एकदा असा चटका बसला की तो पुढे नळी पाहूनच अंग चोरतो. आयाळ आणि शेपूट यांचे केस नळीत ओढले जाणार नाहीत, हेही पाहावे. शिवाय एका घोड्याला गजकर्ण झाला असेल, तर तोच ब्रश आणि तीच नळी दुसऱ्याला लावल्याने रोग पसरतो. ही साधने जंतुनाशकाने धुतल्यावाचून पुढे देऊ नयेत.

हे सांभाळले तर यंत्राचा लाभ खरा आहे. ब्रशाने झाडलेली धूळ हवेत उडते आणि घोड्याच्या व मोतद्दाराच्या नाकात जाते. यंत्र ती धूळ आपल्या पिशवीत घेते. बंद तबेल्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या मोतद्दाराच्या छातीला हा मोठाच दिलासा होय. ब्लोअरचा उपयोग त्याहून निराळा आहे. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, केसांच्या कलाने हवा सोडली तर सुटी माती उडून जाते. मुख्य म्हणजे स्नानानंतर अंग लवकर सुकते. दसऱ्याच्या पहाटे नदीच्या गार पाण्यात घोडा धुतात, माळ घालतात आणि तसाच ओला उभा करतात. आश्विनात हिवाळी केस दाट होऊ लागलेले असतात, म्हणून मुळाशी ओल तशीच राहते. अशा वेळी पाणी निथळवून ब्लोअर दुरून फिरवणे हे उपकारकच आहे. मात्र एकाच जागी गरम हवा धरू नये, आणि वाळलेला चिखल आधी हलक्या हाताने मोडून घ्यावा.

मग यंत्राने न होणारे असे काय उरते? कीर्तनाच्या निमित्ताने एका गावी मुक्काम असता आम्ही तेथील पागेत एका वयस्क मोतद्दाराचे काम पाहिले. त्यांनी यंत्राने पाठ आणि पुठ्ठे झरझर साफ केले, यंत्र बंद केले आणि मग रिकामे तळहात मानेपासून खुरापर्यंत सावकाश फिरवले. पुढच्या डाव्या पायापाशी हात थांबला. तेथे ऊन लागत होते. वरून पायावर काही दिसत नव्हते. त्यांनी त्या घोड्याला त्या दिवशी बाहेर काढले नाही आणि पशुवैद्यांना निरोप धाडला. यंत्राने केस लखलखीत केले होते, पण ती ऊब यंत्राला कळली नसती. गोचीड, फोड, खोगिराने आलेली सूज, हात लागताच अंग आखडणे, ही सारी वार्ता तळहातालाच मिळते. रणांगणावर अंगे चोळणाऱ्या त्या सारथ्याच्या हातांना मिळाली ती हीच.

तेव्हा आमचे उत्तर असे आहे. यंत्र निषिद्ध नाही. त्याने धूळ काढावी, त्याने ओले अंग सुकवावे. परंतु त्याने वाचवलेला वेळ पुन्हा घोड्यालाच द्यावा. दहा मिनिटे वाचली, तर त्यांतली पाच हात फिरवण्यास आणि पाच खूर उचलून पाहण्यास लागावीत. यंत्र आल्याने हाताची फेरीच बंद झाली, तर घोडा स्वच्छ दिसेल, पण त्याची आराधना घडली असे म्हणता येणार नाही.

या दसऱ्यास ज्यांच्या घरी घोडा आहे त्यांनी त्याला पहाटेच्या गारठ्यात न धुता ऊन वर आल्यावर धुवावे, अंग पुरते सुकल्यावरच गंधमाला घालावी आणि कुंकू डोळ्यांपासून दूर लावावे. सकाळी पुजलेल्या घोड्याला रात्री वाजंत्री आणि फटाक्यांच्या गदारोळात मिरवणुकीस जुंपण्याचा मोह तर अवश्य टाळावा. कौटिल्याचा बारा पणांचा दंड आज कोणी वसूल करीत नाही. तो एक दिवस त्याला विश्रांती देणे आपल्याच हाती आहे.